कोयनेचा शिट्टीवाला

कराडात घर असणाऱ्याला कोयनानगर काही लांब नाही. मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, की आलंच; साठेक किलोमीटर. तरी आमच्या घरातून तिकडे मुक्कामाला असं कित्येक वर्षांत कुणी गेलं नव्हतं. चिपळूणला लग्नाला जाताना कुंभार्ली घाट उतरायच्या आधी हेळवाकला चहाला थांबायचं, एवढाच संबंध. यंदा जूनच्या शेवटी आम्ही भावंडं गेलो ती अब्बांसाठी, आणि एका पक्ष्यासाठी.

त्याची सुरुवात आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली झाली. उन्हाळ्यात अस्रनंतर अब्बा तिथं बाज टाकून बसतात. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "आजकल इस झाड पे चिड्या आतीच नईं." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावर, हात वर केला तर लागेल इतक्या अंतरावर, शिंपी पक्षी 'टुविट टुविट' करून झाड डोक्यावर घेत होता. पलीकडच्या जास्वंदीवर शिंजीर चिवचिवत होता. अब्बांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही हेही त्यांना कळलं नव्हतं. त्यांच्या हिशेबानं पक्षीच गेले होते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला. कागदावरची रेष डावीकडून बऱ्यापैकी सरळ येते आणि उजवीकडे पायऱ्या उतरावी तशी खाली जाते. डावीकडे जाड, खर्जातले आवाज आणि उजवीकडे बारीक. वय झालं की आधी बारीक आवाज जातात. अब्बांनी तर चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढली, कानात कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. फजरची अजान ऐकू येते, भोंगा ऐकू येतो, आमची बोलणी अर्धी ऐकू येतात. 'स' आणि 'फ' गळतात, बाकी ते अंदाजानं भरून काढतात. मशीन लावा म्हटलं तर नको. "म्हाताऱ्यांचं काम आहे ते," असं सदुसष्टाव्या वर्षी म्हणाले.

मात्र परत येताना रिक्षात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तो मेरा शिट्टीवाला बी गया क्या?"

हा शिट्टीवाला आमच्या घरात आम्ही जन्मल्यापासून आहे. अब्बांचे वडील, म्हणजे आमचे दादा, गवंडी होते. कोयना धरणाचं काम 1956 साली सुरू झालं तेव्हा मुलुखातून आणि परमुलखातून हजारो कामगार तिथं गेले, त्यात दादाही गेले. अब्बांचं बालपण तिथल्या वसाहतीत, पत्र्याच्या छपराखाली गेलं. वसाहतीच्या मागं ओढा होता. पाऊस सुरू झाला की ओढ्याच्या बाजूनं पहाटे कुणीतरी शिट्टी वाजवायचं. सरळ एका सुराची नव्हे. एखाद्या पोरानं गाणं आठवत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून धरत, हात खिशात घालून चालत जावं तशी. आमच्या दादींना अंधारात शिट्टी वाजवलेली मुळीच खपत नसे. घरात साप येतात म्हणायच्या. फजरच्या वेळी रोज त्या दाराशी येऊन त्या 'पोराला' बोलायच्या, कुणाचा कार्टा आहे, आईबापांनी काही शिकवलं नाही का. दोन पावसाळे त्यांनी असे घालवले. मग शेजारच्या एका मावशींनी हसून सांगितलं की तो पोरगा नाही, पाखरू आहे.

दादींचं तरी काय चुकलं? इंग्रजांनीही त्याला 'शिट्टी वाजवणारा शाळकरी पोरगा' असंच टोपणनाव दिलं होतं. मराठीत त्याचं नाव शीळकरी कस्तूर. 1831 साली व्हिगर्स या आयरिश निसर्गतज्ज्ञानं त्याची शास्त्रीय नोंद केली आणि हॉर्सफील्ड या दुसऱ्या निसर्गतज्ज्ञाचं नाव त्याला चिकटवलं. दोघांपैकी कुणी तो पहाटे ओढ्याकाठी ऐकला होता की नाही, कोण जाणे.

शनिवारी दुपारी निघालो. अम्मींनी खिमा-पराठे बांधून घेतले, जणू कोयनेत जेवण मिळतच नाही. पाटणपर्यंत नुसतं ढगाळ होतं. पाटण सोडलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, नदी रस्त्याची सोबत धरते, आणि मग एका वळणावर पाऊस असा सुरू होतो की वायपरला दम लागतो. हेळवाकजवळ कोयना नदीची वाट पाहण्यासारखी आहे. महाबळेश्वराहून निघालेली ही नदी डोंगरांच्या मधून सरळ दक्षिणेला येते, हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते आणि आमच्या कराडला येऊन कृष्णेला समोरासमोर भेटते. प्रीतिसंगमावर आम्ही भेळ खातो तेव्हा समोरून जाणारं निम्मं पाणी शिट्टीवाल्याच्या ओढ्यांवरून आलेलं असतं, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं.

कोयनानगरला एका ओळखीच्या घरी उतरलो. हे घर वसाहतीच्या टोकाला आहे, पाठीमागं झाडी आणि झाडीत ओहोळ. घरमालक काका जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले. अब्बांनी चप्पल काढायच्या आत विचारलं, "शिट्टीवाला है?" काका म्हणाले, "आहे की. पण त्याची ड्यूटी पहाटेची."

संध्याकाळी पाऊस उघडला तशी काकांनी आम्हाला ओहोळावर नेलं. तिथं आम्ही तो पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे, एक काळा पक्षी दगडावरून दगडावर उडी मारताना दिसला. मैनेपेक्षा थोडा मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभराहून थोडा जास्त, साधारण 25 सेंटीमीटर. आमची धाकटी बहीण हिरमुसली. एवढं कौतुक करायचं आणि निघाला कावळ्याचा पुतण्या! तेवढ्यात ढगाच्या फटीतून उतरतं ऊन आलं, पक्ष्यानं मान वळवली, आणि त्याच्या कपाळावर आणि खांद्यावर निळा रंग असा पेटला की ती एकदम गप्प झाली. हा निळा रंग पिसात रंगद्रव्य असल्यामुळं येत नाही. पिसांची बारीक रचनाच अशी असते की प्रकाश योग्य कोनातून पडला तर त्यातला निळा तेवढा परत फिरतो. कोन चुकला की पक्षी पुन्हा काळा. जंगलाच्या सावलीत तो बहुतेक वेळा काळाच दिसतो. नर-मादी सारखेच, आपल्याला वेगळे ओळखता येत नाहीत.

त्याचं खाणं पाण्याच्या कडेला. पाण्यात भिजलेल्या दगडांवरून तो उड्या मारत जातो, थांबतो, शेपटी पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. किडे, गांडुळं, गोगलगायी, लहान बेडूक, पिकलेली रानफळं, आणि खेकडे. खेकडा सापडला की चोचीत धरून दगडावर आपटतो, कवच फुटेपर्यंत. आम्ही पाहत होतो तेव्हा त्याला एक चिंबोरीचं पिल्लू मिळालं. ते आपटतानाचा टक टक आवाज आम्हाला पाण्याच्या खळखळाटातूनही आला. अब्बांनाही आला असावा, कारण ते हसले.

मग तो उडाला आणि उडताना ओरडला. 'क्रीऽऽ' असा एकच, सुईसारखा बारीक आवाज. ओढ्याचा आवाज जाड, भरीव. त्यात बुडू नये म्हणून ही हाक इतकी टोकदार असावी असं वाटतं. आमच्या कानाला ती टोचली. अब्बा पक्षी गेला त्या दिशेला बघत होते. आमचे चेहरे पाहून म्हणाले, "कुछ बोल्या क्या वो?"

कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. मग अम्मी म्हणाल्या, "बोल्या. पर गाना नईं गाया." अब्बांनी मान हलवली. घरी परतताना ते काकांशी धरणाबद्दल बोलत राहिले, पण आम्हाला कळलं होतं. त्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आम्ही पडल्या पडल्या विचार करत होतो की यांना इथं आणून आपण चूक तर नाही केली. घरी बसून निदान 'तो असेल तिकडे गात' असं तरी म्हणता आलं असतं.

जेवताना काकांनी त्याच्या घरट्याची हकीकत सांगितली होती. हा पक्षी पावसाळ्याच्या आसपास अंडी घालतो. धबधब्याशेजारची कपार, खडकाचा कंगोरा, ओढ्याकाठच्या झाडाचं मूळ अशा जागी शेवाळ, मुळ्या आणि चिखल लिंपून जाड वाटीसारखं घरटं करतो. शेवाळ ओलं आणि हिरवं, त्यामुळं शेजारी उभं राहिलं तरी घरटं दिसत नाही. दोन ते चार अंडी, सोळा-सतरा दिवस उबवायची, आणि नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात. माणसाची रिकामी इमारत ही त्याच्या दृष्टीनं कपारच. काकांच्या घरापासून थोड्या अंतरावर एक बंद पडलेला क्वार्टर आहे, त्याच्या खिडकीच्या सज्जावर गेली काही वर्षं घरटं होतं. जागा सोयीची असली की तो तीच पुन्हा पुन्हा धरतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलानं तिथलं पिल्लू उचलून आणलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हा पिंजऱ्यात ठेवला तर माणसाच्या शिट्टीची चाल उचलतो. हे खोटं नाही. लहानपणी धरलेला शीळकरी कस्तूर चाली शिकतो, आणि त्याच पायी पूर्वी तो पाळलाही जायचा. आता वन्यजीव संरक्षण कायद्यानं, म्हणजे 1972 च्या, रानातला पक्षी पकडणं गुन्हा आहे. पण त्या मुलाला कायदा कुणी सांगितला नाही. त्याच्या आजीनं पैगंबर साहेबांच्या (स.) सोबत्यांची ती हदीस सांगितली, ज्यांनी एका पाखराची पिल्लं उचलली होती आणि ती आई पंख पसरून घिरट्या घालत होती, तेव्हा हुजूरांनी पिल्लं परत ठेवायला लावली. मुलगा अंधारात बॅटरी घेऊन गेला आणि पिल्लू सज्जावर ठेवून आला. पुढच्या वर्षी घरटं तिथंच होतं. यंदा मात्र सज्जा रिकामा आहे. का, ते काकांनाही माहीत नाही.

पक्ष्यांचा विषय निघाला आणि डॉ. सलीम अलींचं नाव निघालं नाही असं आपल्या घरांत होत नाही. काकांच्या कपाटात त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक होतं, पहिली आवृत्ती 1941 ची, हे अर्थात पुष्कळ नंतरचं. लहानपणी अनाथ झालेला, मुंबईत खेतवाडीला मामांकडे वाढलेला मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारतो; एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो; ही खावी की खाऊ नये असा प्रश्न पडून तो ती मामांना दाखवतो, आणि मामा त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवतात. ही गोष्ट अम्मींना तोंडपाठ आहे. त्या ती प्रत्येक पुतण्या-भाच्याला अभ्यासाच्या संदर्भात सांगतात, त्याचा अभ्यासाशी संबंध असो वा नसो.

एक गोष्ट मात्र जुन्या पुस्तकांपेक्षा आता वेगळी आहे. या पक्ष्याला सगळे कस्तूरांच्या कुळातला समजत आले. अलीकडे शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा तो निघाला माशीमार आणि दयाळ यांच्या कुळातला. म्हणजे आमच्या कराडच्या गल्लीत वायरवर बसून सकाळी गाणारा काळा-पांढरा दयाळ आणि हा कोयनेचा निळा गवई एका खानदानातले. भारताबाहेर मात्र हा कुठं सापडत नाही. सह्याद्री, मध्य भारतातले आणि पूर्व घाटातले काही डोंगर, बस्स. जगाच्या पाठीवर कुणाला तो ऐकायचा असेल तर त्याला आपल्याकडंच यावं लागेल.

पहाटे अजानच्या आधीच अब्बा उठून बसलेले होते. पाऊस थांबलेला, छपरावरून पागोळ्या गळत होत्या. नमाज झाली, काकूंनी चहा ठेवला, आणि आम्ही सगळे मागच्या ओट्यावर जाऊन बसलो. कुणी बोलत नव्हतं. सव्वापाचच्या सुमाराला, आभाळ नुसतं राखाडी झालं असताना, ओहोळाच्या वरच्या अंगाला ती सुरू झाली.

आम्ही ती गाणी मोबाइलवर ऐकून गेलो होतो, तरी अंगावर काटा आला. माणसाची शिट्टीच ती. जाडसर, गोल, घाई नसलेली. एक सूर खालून सुरू होतो, वर जातो, वाटेत काहीतरी विसरल्यासारखा थांबतो, मग भलत्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू होतो. चाल आहे असं वाटतं आणि धरायला जावं तर सुटते. आम्ही अब्बांकडे बघायची हिंमत करत नव्हतो.

मग अब्बांनी बोट वर केलं. लहान मुलाला गप्प करताना करतात तसं. ते ऐकत होते.

हे कसं, ते आम्हाला नंतर उमगलं. तपासणीच्या त्या कागदावर अब्बांची रेष जिथं अजून वर आहे, नेमक्या त्याच पट्टीत हा पक्षी गातो, माणसाच्या शिट्टीच्या पट्टीत. शिंप्याची टुविट, शिंजीराची चिवचिव, खुद्द याचीच ती सुईसारखी 'क्रीऽऽ', हे सगळं त्या रेषेच्या खाली गेलेलं. गाणं तेवढं वर राहिलं. आमच्या दादींनी ज्याला पोरगा समजून शिव्या दिल्या तो माणसासारखा वाजत होता म्हणूनच म्हाताऱ्या कानाला तो सापडला.

तो जवळजवळ अर्धा तास गायला. उजाडलं, बुलबुल आणि साळुंक्या सुरू झाल्या, तसा त्याचा आवाज विरळ होत गेला. अब्बा म्हणाले, "वैसाच है. बिलकुल वैसाच." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी आम्ही शंभरदा ऐकली आहे. पण आजवर ती पेरूच्या झाडाखाली ऐकली होती, जिथं घडली तिथं नव्हे.

11 डिसेंबर 1967. रमजानचा पहिला आठवडा उलटला होता. पहाटे चारच्या सुमाराला दादी सहरीसाठी उठल्या होत्या, स्टोव्ह पेटवला होता, दादांना आणि मोठ्या फूफूंना हाक मारून झाली होती. नऊ वर्षांच्या अब्बांचा रोजा नव्हता, पण सहरी खायला त्यांना उठायचं असे. चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली. दादी जाग्या होत्या म्हणून सगळ्यांना ओढत बाहेर आणू शकल्या. मागं भिंत पडली. वसाहतीत आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांना जाग नव्हती त्यातले पुष्कळ गेले. त्या भूकंपात सुमारे 180 माणसं मेली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. ते फुटलं असतं तर कराड राहिलं नसतं, हे अब्बा दर वेळी सांगतात. थंडीत, अंधारात, अंगावर एकेक गोधडी घेऊन सगळी वसाहत मोकळ्या जागेत उभी होती. कुणी रडत होतं, कुणी नावं पुकारत होतं, जमीन मधून मधून पुन्हा हलत होती. आणि उजाडायच्या वेळेला ओढ्याकडून शिट्टी आली. लोकांनी वळून पाहिलं. दादींनी त्या दिवशी त्याला काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलने दो उसकू."

तो दिवस संपायच्या आत दादांनी कुटुंब कराडला आणलं. पुढं धरणाच्या मजबुतीच्या कामाला ते एकटे येत राहिले. अब्बा मुक्कामाला आले ते थेट आता.

काकांनी गोष्ट मनापासून ऐकली. मग जरा अडखळत म्हणाले, "पण डिसेंबरात तो सहसा गात नाही. थंडीत हे पक्षी पांगतात, नुसती ती बारीक हाक देतात. गाणं उन्हाळा-पावसाळ्याचं." आम्हालाही ते वाचून माहीत होतं, पण अब्बांसमोर बोलायची हिंमत नव्हती. अब्बा चिडले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "सहसा नाही गात. त्या दिवशी जमीन तरी कुठे सहसा हलते तशी हलली होती?"

रविवारी नवजाच्या रस्त्याला गेलो. ओझर्डे धबधब्याकडे गाड्यांची रांग लागलेली. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 साली हे डोंगर जागतिक वारशाच्या यादीत गेले, पण रस्त्याकडेच्या ओहोळात चिप्सच्या पिशव्या आणि गाड्यांतून मोठ्यानं लावलेली गाणी होतीच. आपलीही मंडळी त्यात होती, हे कबूल करायला हवं. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर जून-जुलैत जा, मुक्काम करा आणि पहाटे पाचला उठा. दहा वाजता तिथं पोचून तो ऐकू येत नाही म्हणणं म्हणजे इशाला जाऊन फजर मागण्यासारखं.

एका लहान पुलाखालून तो पक्षी परत एकदा पाण्यालगत उडत गेला. चोच उघडली. 'क्रीऽऽ'. आम्ही अब्बांकडे पाहिलं. त्यांनी उघडलेली चोच पाहिली होती.

पाटण येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मल्हारपेठेला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "वो मशीन... उसमें ये बारीकवाला बी आता क्या?"

डॉक्टरांना विचारावं लागेल, असं आम्ही म्हटलं. बुधवारची वेळ घेतली आहे.